नेटवर्क कर्नल कोडमध्ये लॉक कुठे घालायचं आणि कुठे टाळायचं

नागपूर स्टेशनजवळच्या डायमंड क्रॉसिंगवर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रूळ एकाच पातळीवर एकमेकांना छेदतात. एका दिशेची गाडी त्यावर असेल तोवर दुसरीला सिग्नलशी उभं राहावंच लागतं. बर्डीच्या मेट्रो इंटरचेंजवरही दोन मार्ग एकमेकांना आडवे जातात, पण वेगवेगळ्या मजल्यांवरून. तिथे ऑरेंज लाइनची गाडी ॲक्वा लाइनच्या गाडीसाठी थांबत नाही. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, नेटवर्कचा कोड लिहायला बसलेले बरेच जण पहिल्याच दिवशी डायमंड क्रॉसिंग बांधून टाकतात आणि मग सिग्नल कोणता लावावा यावर डोकं खपवतात. इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी रूळ वेगळे करायचे, जिथे जमत नाही तिथेच लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारा सिग्नल.

सगळं लिनक्सच्या संदर्भात आहे आणि सी भाषा येते असं धरलं आहे. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टाइप करताना कर्नलमधलं मूळ स्पेलिंग घ्यायचं.

पॅकेटमागे वेळ किती मिळतो

१० गिगाबिटच्या लाइनवर सगळ्यात लहान, म्हणजे ६४ बाइटची फ्रेम तारेवर ८४ बाइटची जागा खाते, कारण फ्रेमच्या आधीचे ८ बाइट आणि दोन फ्रेममधलं १२ बाइटचं अंतर धरावं लागतं. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट, म्हणजे एकामागे ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर हे जेमतेम २०० सायकल झाले. १५०० बाइटची पॅकेटं असतील तर जरा दम खाता येतो, एकामागे साधारण १२३० नॅनोसेकंद मिळतात.

आता लॉकची किंमत बघा. लॉकला दुसरं कोणी हात लावत नसेल तर काही दहा सायकलमध्ये काम होतं. पण तेच लॉक आत्ताच दुसऱ्या कोअरने घेतलेलं असेल तर त्याची ६४ बाइटची कॅशलाइन (मेमरीचा कोअर एका वेळी स्वतःजवळ आणतो तो तुकडा) तिकडून ओढून आणावी लागते, आणि मदरबोर्डच्या दुसऱ्या सॉकेटवरच्या प्रोसेसरकडून आणायची तर त्यातच सगळं बजेट संपतं. लॉक मिळेपर्यंत कोअर काय करून राहिला? नुसता फिरून राहिला. स्पिनलॉकचं, म्हणजे मिळेपर्यंत असं जागीच फिरवत ठेवणाऱ्या लॉकचं, इतकं नेमकं वर्णन नागपूरबाहेर कुणाला जमायचं नाही.

लिनक्सलाही हे शहाणपण हळूहळूच आलं. १९९६ च्या २.० मध्ये अख्ख्या कर्नलला एकच मोठं लॉक होतं. २००१ च्या २.४ मध्ये नेटवर्कचं काम सॉफ्टआयआरक्यूवर (इंटरप्टचं उरलेलं काम त्याच्या पाठोपाठ उरकणाऱ्या यंत्रणेवर) गेलं आणि एकाच वेळी अनेक कोअर पॅकेट घेऊ लागले. ते मोठं लॉक मात्र पूर्णपणे निघालं २०११ मध्ये, २.६.३९ ला. फ्रीबीएसडीनेही २००४ च्या ५.३ मध्ये नेटवर्क स्टॅक 'जायंट' लॉकमधून बाहेर काढला.

आधी कागद घ्या

कोडला हात लावण्याआधी एक तक्ता मांडा. डाव्या बाजूला प्रत्येक सामायिक डेटा लिहा: टेबल, काउंटर, सेटिंग, रिंग, टायमर. उजव्या बाजूला तो कोण वाचतं, कोण बदलतं आणि कोणत्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे तो कोड कोणत्या परिस्थितीत चालतो. कॉन्टेक्स्ट तीनच. प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये झोपता येतं, म्हणजे कोअर सोडून वाट बघता येते: सिस्टीम कॉल, नेटलिंक (प्रोग्रामने कर्नलशी बोलायचा मार्ग), वर्कक्यू (मागाहून करायच्या कामांची रांग). सॉफ्टआयआरक्यूमध्ये झोपता येत नाही: पॅकेट घेणं, टायमर, नॅपीचा पोल (ड्रायव्हरने कार्डावरची पॅकेटं गठ्ठ्याने उचलणं). तिसरा हार्ड इंटरप्ट, ज्यात नव्या ड्रायव्हरने नॅपीला जागं करण्यापलीकडे काही करूच नये.

हा तक्ता भरला की लॉकची निवड जवळपास आपोआप होते. सगळे प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्येच असतील तर म्यूटेक्स, म्हणजे वाट बघताना झोपू देणारं लॉक. प्रोसेस आणि सॉफ्टआयआरक्यू दोघंही हात लावत असतील तर प्रोसेसच्या बाजूने स्पिन_लॉक_बीएच (लॉक हातात असेतो त्या कोअरवरच्या सॉफ्टआयआरक्यू थांबवणारं) आणि सॉफ्टआयआरक्यूच्या बाजूने साधं स्पिन_लॉक. हार्ड इंटरप्टही त्यात असेल तर सगळीकडे स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह, जे त्या कोअरवरचे इंटरप्टही बंद ठेवतं. फक्त सॉफ्टआयआरक्यूच असतील तरी साधं स्पिन_लॉक हवंच, कारण तीच सॉफ्टआयआरक्यू दोन कोअरवर एकाच क्षणी चालू शकते. इथे नवखे फसतात.

'सगळीकडे आयआरक्यूसेव्हच लावू, मग चूक होणारच नाही' असा सल्ला कधीकधी मिळतो. तो ऐकू नका. इंटरप्ट विनाकारण बंद राहतात आणि सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला वाटतं की इथे हार्ड इंटरप्टचा खरंच संबंध आहे.

एक मॉड्यूल, जवळून

समजा, कॉलेजच्या हॉस्टेलच्या गेटवेवर चालणारं मॉड्यूल लिहायचं आहे. प्रत्येक सोर्स पत्त्यावरून किती पॅकेट आणि किती बाइट गेले ते मोजायचं. नेटफिल्टरच्या (कर्नलमधल्या पॅकेट तपासणाऱ्या यंत्रणेच्या) दोन हुकवर, म्हणजे पॅकेटच्या वाटेवरच्या ठरलेल्या जागांवर, एकच फंक्शन लावलं आहे: बाहेरून येणाऱ्या पॅकेटसाठी प्री-राउटिंग आणि गेटवेच्याच पॅकेटसाठी लोकल-आउट. एक टायमर जुन्या नोंदी काढतो. नेटलिंकवरून कोणी टेबल वाचतं किंवा साफ करतं.

पहिला प्रयत्न बहुधा असा असतो: १०२४ बकेटचं हॅश टेबल, त्याला एक स्पिनलॉक, हुकमध्ये स्पिन_लॉक, शोधा, मोजा, स्पिन_अनलॉक. घरच्या लॅपटॉपवर हे छान चालतं. गेटवेवर काही तासांत मशीन गोठतं आणि कन्सोलवर सॉफ्ट लॉकअपची ओळ येते की अमुक सीपीयू २२ किंवा २६ सेकंद अडकला आहे. नेहमीची मर्यादा २० सेकंदांची असते म्हणून आकडा त्याच्या थोडा पुढचा दिसतो.

कारण तक्त्यात आहे. प्री-राउटिंगचं फंक्शन सॉफ्टआयआरक्यूमध्ये चालतं, पण लोकल-आउट गेटवेवरच्या एखाद्या प्रोग्रामने पॅकेट पाठवलं की प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये चालतं आणि तिथे सॉफ्टआयआरक्यू चालू असतात. तीन नंबरच्या कोअरवर लोकल-आउटने लॉक घेतलं. त्याच क्षणी त्या कोअरला नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट आला, इंटरप्टच्या शेपटीला सॉफ्टआयआरक्यू चालू झाली, पॅकेट प्री-राउटिंगला पोचलं आणि त्याने तेच लॉक मागितलं. लॉक ज्याच्याकडे आहे तो खाली दबलेला, वरचा फिरून राहिला. दोघंही सुटत नाहीत. फंक्शन एकच असलं तरी कॉन्टेक्स्ट दोन आहेत, म्हणून तिथे स्पिन_लॉक_बीएच हवं.

तेवढं बदललं की गोठणं थांबतं, पण वेग वाढत नाही. आठही कोअर प्रत्येक पॅकेटला त्याच एका कॅशलाइनसाठी रांगेत. हे आपलं डायमंड क्रॉसिंग.

रूळ वेगळे करणं

आता विचार करा की पॅकेटच्या वाटेवर नेमकं काय होतं. शंभरातल्या बहुतेक वेळा नोंद आधीच असते. फक्त शोधायची आणि आकडा वाढवायचा. नवी नोंद घालणं आणि जुनी काढणं क्वचित. अशा ठिकाणी आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट) चपखल बसतं: वाचणारा लॉकसाठी थांबत नाही, आणि काढलेली नोंद सगळे वाचणारे बाहेर पडल्यावरच मोकळी होते. ते २.५ च्या विकासकाळात, २००२ मध्ये लिनक्समध्ये आलं आणि आज राउटिंग टेबलापासून सॉकेटच्या शोधापर्यंत सगळीकडे आहे.

वाचणारा आरसीयू_रीड_लॉक म्हणतो, पॉइंटर आरसीयू_डिरेफरन्सने घेतो, काम करतो, अनलॉक म्हणतो. कुठल्याही सामायिक जागी तो काही लिहीत नाही, म्हणून कॅशलाइन ओढाओढी होत नाही. नेटफिल्टरच्या हुकमध्ये तर हे रीड-लॉक कर्नलने आधीच घेतलेलं असतं.

बदलणाऱ्याला मात्र लॉक लागतंच. 'आरसीयू लावलं, आता लॉक नको' ही सगळ्यात महागडी गैरसमजूत. आरसीयू वाचणाऱ्याला बदलणाऱ्यापासून सांभाळतं, दोन बदलणाऱ्यांना एकमेकांपासून सांभाळत नाही. इथे प्रत्येक बकेटला स्वतःचं स्पिनलॉक द्या. बकेटचं डोकं ८ बाइट, लॉक ४, मध्ये रिकामी जागा, म्हणजे एकूण १६ बाइट. एका कॅशलाइनमध्ये चार बकेट मावतात. लॉक क्वचितच घेतलं जातं म्हणून एवढी दाटी चालते.

नवी नोंद घालताना पायऱ्या अशा घ्या. लॉक न घेता शोधा. सापडली नाही तर लॉकच्या बाहेरच जागा मागा, आणि ती जीएफपी_ॲटॉमिकने, कारण इथे झोपता येत नाही. मग बकेटचं लॉक स्पिन_लॉक_बीएचने घ्या आणि पुन्हा एकदा शोधा. हा दुसरा शोध विसरला की एकाच पत्त्याच्या दोन नोंदी होतात: दोन कोअरना एकाच वेळी 'नाही' दिसलं आणि दोघांनी घातली. दुसऱ्या शोधात सापडली तर आपली जागा परत करा आणि ती नोंद वापरा. नाहीतर सगळी फील्ड आधी भरून मग एचलिस्ट_ॲड_हेड_आरसीयू. क्रम महत्त्वाचा आहे. नोंद यादीत गेल्यावर पत्ता भरला तर दुसऱ्या कोअरला अर्धवट नोंद दिसते.

जागा मागताना मर्यादा घाला, उदाहरणार्थ ६५,५३६ नोंदी. खोटे सोर्स पत्ते लावून कोणी पॅकेटांचा मारा केला तर मर्यादा नसलेलं टेबल गेटवेची सगळी मेमरी खाईल. हॅशलाही बूटच्या वेळी यादृच्छिक बीज द्या, नाहीतर हुशार विद्यार्थी सगळे पत्ते एकाच बकेटमध्ये पाडून दाखवतील.

आकडे कुठे ठेवायचे

शोध फुकटात झाला, पण प्रत्येक पॅकेटला नोंदीत लिहायचं आहेच. इथे तीन वाटा आहेत आणि तिन्ही प्रामाणिक आहेत.

सोपी वाट म्हणजे नोंदीत ॲटॉमिक ६४-बिट आकडा. नेटवर्क कार्डाचं आरएसएस (पॅकेटं क्यूंमध्ये वाटणारी सोय) एका फ्लोची, म्हणजे एका जोडणीची, पॅकेटं एकाच क्यूला, म्हणजे एकाच कोअरला देतं. पण एका विद्यार्थ्याचे पन्नास फ्लो असतात आणि ते वेगवेगळ्या कोअरवर पडतात, तेव्हा त्याच्या नोंदीवर खेचाखेच होते. हजार विद्यार्थी असतील तर ती विखुरलेली राहते. एकच सर्व्हर सगळी लाइन व्यापत असेल तर मात्र हा मार्ग लंगडतो.

दुसरी वाट, प्रत्येक नोंदीला प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा. पॅकेट आणि बाइट मिळून १६ बाइट, कोअर १६ धरले, म्हणजे नोंदीमागे २५६ बाइट आणि भरलेल्या टेबलाला १६ मेबीबाइट. मेमरीचं फार नाही, अडचण वेगळीच आहे: पर-सीपीयू जागा मागणारं नेहमीचं फंक्शन झोपू शकतं. सॉफ्टआयआरक्यूतून मागायची तर जीएफपीची खूण देता येणारं रूप वापरावं लागतं आणि ते ऐन गर्दीत नाही म्हणू शकतं. तेव्हा आधीच काही नोंदी तयार करून ठेवा.

तिसरी वाट, प्रत्येक कोअरला अख्खं टेबलच वेगळं. लिहिणारा एकच, म्हणून ॲटॉमिक लागत नाही. लोकल-आउटच्या बाजूने मात्र लोकल_बीएच_डिसेबल करावं लागतं, नाहीतर मध्येच सॉफ्टआयआरक्यू येऊन तेच टेबल बदलेल. वाचणारा सगळी टेबलं फिरून बेरीज करतो. नोंद काढताना आरसीयू लागतंच, कारण वाचणारा दुसऱ्या कोअरवरून येतो.

आमचा कल: पहिल्यापासून सुरू करा, मोजा, आणि मोजमाप सांगेल तेव्हाच तिसऱ्यावर जा. दुसरी वाट इंटरफेससारख्या मोजक्या आणि प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये तयार होणाऱ्या गोष्टींसाठी जास्त शोभते.

पर-सीपीयू आकडे ३२-बिट मशीनवर वाचताना एक खोच आहे. ६४-बिट आकडा तिथे दोन तुकड्यांत वाचला जातो आणि मधल्या क्षणी तो बदलला तर वाचणाऱ्याला चार अब्जांची उडी दिसते. त्यासाठी यू६४_स्टॅट्स_सिंक वापरा. ६४-बिट मशीनवर त्याचा भार जवळपास शून्य असतो.

आणि 'शेवटचं कधी दिसलं' ही वेळ. प्रत्येक पॅकेटला ती लिहिली तर वाचनापुरती राहिलेली कॅशलाइन पुन्हा मळते. आधी वाचा, सेकंदाहून जास्त फरक असेल तरच लिहा. वाचायला रीड_वन्स, लिहायला राइट_वन्स. पत्ता आणि पुढचा पॉइंटर एका कॅशलाइनमध्ये, बदलणारे आकडे पुढच्या कॅशलाइनमध्ये ठेवा. नाहीतर शोधणाऱ्या कोअरला मोजणाऱ्या कोअरचा त्रास होतो, आणि कोडमध्ये एकही लॉक दिसत नसताना वेग का पडतो ते कळत नाही.

टायमर आणि डंप

जुन्या नोंदी काढणारा टायमर सॉफ्टआयआरक्यूमध्ये चालतो. एका फेरीत सगळे १०२४ बकेट झाडायला बसू नका. दर २ सेकंदांनी ६४ बकेट घेतले तर ३२ सेकंदांत पूर्ण फेरी होते आणि कोणत्याही एका वेळी थोडंच काम पडतं. बकेटचं लॉक घ्या, एचलिस्ट_डेल_आरसीयू, लॉक सोडा, मग केफ्री_आरसीयू, जे वाचणारे बाहेर पडल्यावरच मेमरी मोकळी करतं. थेट केफ्री केलंत तर दुसऱ्या कोअरवर कोणी त्याच क्षणी ती नोंद वाचत असेल आणि मोकळ्या झालेल्या मेमरीत आकडा वाढवेल. हा दोष महिनाभर गप्प राहून भलत्याच ड्रायव्हरमध्ये उगवतो.

काढलेल्या नोंदीत एखाद-दुसरं पॅकेट मोजलं जाऊन वाया जाईल. ते चालू द्या. बिलिंग करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

नेटलिंकचा डंप, म्हणजे अख्ख्या टेबलाचं वाचन, अनेक तुकड्यांत जातो. दोन तुकड्यांच्या मध्ये आरसीयू रीड-लॉक धरून ठेवता येत नाही, म्हणून बकेटचा क्रमांक लक्षात ठेवून तिथून पुढे चालू करा. एखादी नोंद सुटली किंवा दोनदा आली तर आकाश कोसळत नाही.

रीडर-रायटर लॉक आणि सीकलॉकबद्दल थोडक्यात

रीडर-रायटर लॉक नावाने मोहात पाडतं. पण त्यात वाचणाऱ्यालाही लॉकच्या शब्दात लिहावं लागतं, म्हणजे कॅशलाइनची ओढाताण तशीच. पॅकेटच्या वाटेवर ते नको.

सीककाउंट (सीकलॉकमधला क्रमांक, बदल चालू असताना विषम आणि एरवी सम) लहान आणि क्वचित बदलणाऱ्या डेटासाठी बरं, उदाहरणार्थ दोन-तीन आकड्यांची मर्यादा. वाचणारा अर्धवट बदल दिसला तर पुन्हा वाचतो. दोन पथ्यं: त्यात पॉइंटर ठेवायचा नाही, आणि प्रोसेस कॉन्टेक्स्टमधून लिहिताना सॉफ्टआयआरक्यू बंद करायच्या. लिहिणारा अर्ध्यावर असताना त्याच कोअरवर वाचणारी सॉफ्टआयआरक्यू आली तर ती आकडा सम होण्याची वाट बघत कायमची फिरत बसते.

ड्रायव्हरमधली पाठवण्याची रांग

पॅकेट घेण्याच्या बाजूला ड्रायव्हरला सहसा लॉक लागतच नाही. एका नॅपी इन्स्टन्सचा पोल एका वेळी एकाच कोअरवर चालतो, ही हमी कर्नल देतो. रिंगला (कार्ड आणि ड्रायव्हरमधल्या गोल रांगेला) एक नॅपी बांधला की झालं. त्यावर आणखी स्पिनलॉक घालणारे ड्रायव्हर दिसतात, ते निव्वळ भीतीपोटी.

पाठवण्याच्या बाजूला एनडीओ_स्टार्ट_एक्समिट हे फंक्शन त्या क्यूचं लॉक घेऊनच बोलावलं जातं, म्हणून दोन पाठवणारे एका क्यूवर भांडत नाहीत. झगडा असतो पाठवणारा आणि 'पाठवून झालं' असं सांगणारा यांच्यात. लॉकशिवाय तो सोडवायचा तर क्रम असा पाळा.

पाठवणाऱ्याने पॅकेट रिंगमध्ये टाकल्यावर उरलेली जागा मोजावी. एका पॅकेटला नेहमीच्या बांधणीत १७ तुकडे आणि वर डोकं लागतं, म्हणून साधारण १९ डिस्क्रिप्टरपेक्षा (तुकडा मेमरीत कुठे आहे ते कार्डाला सांगणाऱ्या रिंगमधल्या नोंदींपेक्षा) कमी उरले तर क्यू थांबवावा. मग एसएमपी_एमबी, म्हणजे आधीचं लिहिणं आणि नंतरचं वाचणं यांचा क्रम राखणारा बॅरियर. मग जागा पुन्हा मोजावी, आणि मधल्या वेळात मोकळी झाली असेल तर क्यू परत चालू करावा. दुसऱ्या बाजूने डिस्क्रिप्टर मोकळे करून शेपटीचा आकडा पुढे न्यावा, मग एसएमपी_एमबी, मग क्यू थांबलेला आहे का आणि पुरेशी जागा आहे का ते बघून तो परत चालू करावा.

पुन्हा मोजणं किंवा मधला बॅरियर गाळला तर असं होतं: पाठवणाऱ्याने 'जागा नाही' पाहिलं, तेवढ्यात दुसऱ्याने सगळी रिंग मोकळी केली आणि क्यू चालूच दिसला म्हणून काही केलं नाही, मग पाठवणाऱ्याने क्यू थांबवला. आता जागं करणारं कोणी उरलं नाही. नेहमीच्या सेटिंगला ५ सेकंदांनी वॉचडॉग ओरडतो की ट्रान्समिट क्यू टाइमआउट झाला. इंटेलच्या प्रोसेसरवर बॅरियर लागत नाही, असं ठामपणे सांगणारे भेटतील. लागतो. एक जागी लिहून दुसरी वाचणं, हा एकच क्रम एक्स८६ सुद्धा उलटवतो, आणि इथे नेमका तोच आहे. नव्या कर्नलमध्ये या क्रमासाठी तयार मॅक्रो आहेत, ते वापरा.

सॉकेटचं लॉक

सॉकेटचं लॉक दोन थरांचं आहे. सिस्टीम कॉलमधून आलेला लॉक_सॉक म्हणतो: आतलं स्पिनलॉक क्षणभर घेऊन 'हे सॉकेट माझ्याकडे आहे' अशी खूण करतो आणि स्पिनलॉक सोडतो. मग तो निवांत झोपूही शकतो. सॉफ्टआयआरक्यूमधून पॅकेट आलं की ती बीएच_लॉक_सॉक घेते आणि खूण बघते. खूण नसेल तर पॅकेट तिथेच हाताळते, असेल तर बॅकलॉगमध्ये टाकून निघून जाते. रिलीज_सॉक करताना सिस्टीम कॉलवालाच तो बॅकलॉग निपटतो.

सॉफ्टआयआरक्यूतून सॉकेटची अवस्था बदलणारा कोड लिहिताना सॉक_ओन्ड_बाय_युझर तपासायला विसरलात तर स्पिनलॉक हातात असूनही दुसऱ्याच्या हातातलं सॉकेट बदलाल. बॅकलॉगलाही मर्यादा असते. एनस्टॅटमध्ये (नेटवर्कचे काउंटर दाखवणाऱ्या कमांडमध्ये) टीसीपी-बॅकलॉग-ड्रॉपचा आकडा चढत असेल तर कोणीतरी सॉकेट फार वेळ अडवून ठेवतं आहे.

बंद करताना होणारे डेडलॉक

चालू असतानाचा कोड सगळे तपासतात, काढण्याचा कोड घाईत लिहिला जातो. त्यातल्या दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

एक: टायमर ज्या लॉकची वाट बघतो तेच लॉक धरून टायमरच्या संपण्याची वाट बघणं. टायमर_डिलीट_सिंक, जुन्या कर्नलमधलं डेल_टायमर_सिंक, नेमकं हे करतं. लॉक सोडा, मग टायमर थांबवा.

दोन: आरटीएनएल, म्हणजे नेटवर्कच्या सेटिंग बदलताना घ्यायचं सामायिक म्यूटेक्स. इंटरफेस वर-खाली करताना एनडीओ_ओपन आणि एनडीओ_स्टॉप ही फंक्शन आरटीएनएल धरूनच चालतात. तुमच्या वर्कक्यूतलं काम आत आरटीएनएल_लॉक घेत असेल आणि एनडीओ_स्टॉपमध्ये तुम्ही कॅन्सल_वर्क_सिंक म्हणालात, तर काम आरटीएनएलसाठी थांबलं आणि आरटीएनएलवाला कामासाठी. मग मशीनवर आयपी कमांडही अडकते आणि लोकांना वाटतं नेटवर्कच गेलं. कामामध्ये आरटीएनएल_ट्रायलॉक वापरा आणि नाही मिळालं तर काम पुन्हा रांगेत टाका, किंवा रद्द करणं आरटीएनएलच्या बाहेर न्या. नॅपी_डिसेबलही झोपू शकतं, ते स्पिनलॉकच्या आत कधीच नको.

आपलं मॉड्यूल काढताना या क्रमाने जा. आधी नेटलिंकची फॅमिली काढा म्हणजे नवे हुकूम थांबतील. मग दोन्ही हुक काढा आणि सिंक्रोनाइझ_नेट म्हणा म्हणजे आत असलेली पॅकेटं बाहेर पडतील. मग टायमर कायमचा बंद करा, पुन्हा स्वतःला लावू शकणार नाही अशा टायमर_शटडाउन_सिंकने. आता टेबल रिकामं करा. स्वतःचा कॉलबॅक देऊन कॉल_आरसीयू वापरलं असेल तर आरसीयू_बॅरियर हवाच, नाहीतर मॉड्यूलचा कोड मेमरीतून गेल्यावर कॉलबॅक त्या रिकाम्या जागी उडी मारतो. नोंदींचा स्लॅब कॅशे (एकाच आकाराच्या जागांचा साठा) सगळ्यात शेवटी.

तपासणी

चाचणीच्या कर्नलमध्ये प्रूव्ह-लॉकिंग, प्रूव्ह-आरसीयू आणि डिबग-ॲटॉमिक-स्लीप चालू करा. लॉकडेप (प्रूव्ह-लॉकिंगमागची, लॉकचा क्रम तपासणारी यंत्रणा) २००६ पासून, २.६.१८ पासून कर्नलमध्ये आहे आणि त्याची खरी ताकद ही की डेडलॉक प्रत्यक्ष घडण्याची गरज नसते. एकदा एक क्रम दिसला आणि कधीतरी उलटा क्रम दिसला की तो सांगतो. वरचं लोकल-आउटचं लफडं त्याने मशीन गोठण्याआधीच 'इनकन्सिस्टंट लॉक स्टेट' या ओळीने पकडलं असतं. लक्षात ठेवा, पहिली तक्रार दिली की लॉकडेप स्वतःला बंद करतो. ती दुरुस्त करून रीबूट केल्याशिवाय पुढची दिसणार नाही. आणि जो कोड चाललाच नाही त्याबद्दल तो काही सांगू शकत नाही, म्हणून ट्रॅफिक चालू ठेवून इंटरफेस वर-खाली करणं, नेटवर्क नेमस्पेस उघडणं-बंद करणं आणि मॉड्यूल घालणं-काढणं रात्रभर लूपमध्ये चालवा. सकाळी तर्री-पोहे खाऊन आलात की डीमेसेग, म्हणजे कर्नलचे संदेश, बघा. लॉक नसलेल्या जागच्या शर्यतींसाठी, म्हणजे दोन कोअर एकाच वेळी तोच डेटा हाताळतात ते पकडण्यासाठी, केसीसॅन हे साधन वेगळ्या फेरीत.

वेग मात्र या कर्नलवर मोजू नका. ही सगळी तपासणी यंत्रणा लॉकला जड करते. साध्या कर्नलवर, दुसऱ्या मशीनवरून पॅकेटजेनने ६४ बाइटची पॅकेटं मारा, सोर्स पत्ते बदलत ठेवा, आणि क्यूंची संख्या १, २, ४, ८ करत सेकंदाला किती पॅकेट जातात ते लिहा. चारवरून आठवर जाताना आकडा वाढला नाही तर पर्फ टॉप (कोणतं फंक्शन किती वेळ खातं ते दाखवणारी कमांड) लावा. वर नेटिव्ह_क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ दिसलं तर लॉकचा झगडा आहे, आणि कोणतं लॉक ते पर्फ लॉक कंटेंशन सांगेल. ते दिसत नाही तरी वेग पडतो आहे, तर कॅशलाइन वाटून घेतली जात असणार, त्यासाठी पर्फ सी२सी. मोजण्याआधी /प्रॉक/इंटरप्ट्स मध्ये प्रत्येक क्यूचा इंटरप्ट वेगळ्या कोअरवर जातो आहे ना, ते बघा. सगळे एकाच कोअरवर पडत असतील तर आठ क्यूंचा आकडा एका क्यूचाच असतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना आणि खोलीत फक्त कूलर असताना दुपारचे आकडे सकाळच्या आकड्यांशी ताडू नका. प्रोसेसर तापला की फ्रिक्वेन्सी उतरवतो. मग सायकल तेवढेच लागूनही नॅनोसेकंद वाढतात आणि लॉक दोषी वाटतं. गव्हर्नर (फ्रिक्वेन्सी ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा, टर्बो बंद करा, टर्बोस्टॅटमधली फ्रिक्वेन्सी आणि तापमान प्रत्येक फेरीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.